मुदत कुठून मोजायची?

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्याच्या व्यासपीठावर वकिलाला बोलावले की दोन्ही बाजूंना थोडा संकोच होतो. आयोजकांना वाटते, ही कलमे वाचून दाखवील. वकिलाला वाटते, इथे कलमे वाचली तर लोक चहाला उठतील. मी कलमे फार वाचणार नाही. एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे मुदत. अरबीतून फारशीत, फारशीतून आपल्या कचेऱ्यांत आणि तिथून घरात आलेला हा शब्द. ठेवीची मुदत, भाडेपट्ट्याची मुदत, औषधाच्या बाटलीवरची मुदत. शासकीय मराठीत त्याला ‘कालमर्यादा’ म्हणतात, आणि कोर्टाच्या आवारात अशिलाला सांगताना आम्ही सगळे म्हणतो, ‘लिमिटेशन गेलं.’ या तिन्हींत मला मुदत हा शब्द जवळचा वाटतो, कारण ती कोणीतरी दिलेली असते आणि कधीतरी संपते, हे त्या शब्दातच ऐकू येते.

माझी बहुतेक वकिली जमिनीच्या दाव्यांत गेली. कुळ-मुंडकार, वाटण्या, पायवाटा. गोव्यातल्या वकिलाला मुदतीचे एक जास्तीचे प्रकरण शिकावे लागते. पोर्तुगीज नागरी संहितेत काही दाव्यांना तीस वर्षांपर्यंत मुदत होती. माझे ज्येष्ठ तिला ‘प्रेस्क्रिसांव’ म्हणत. मुक्तीनंतर भारताचा १९६३ चा मुदतीचा कायदा आला. त्यात कराराच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षे. मग गोव्यात तीस की तीन? १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इथली जुनी मुदत स्थानिक कायदा म्हणून चालू आहे. २००१ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते मत बदलले आणि भारतीय मुदत लागू केली. मधल्या बावीस वर्षांत आम्ही वकील अगदी निवांत होतो. हे सांगते आहे ते एका कारणासाठी. मुदत ही आपली मित्र आहे, ती फार तर रुसते आणि समजूत घातली की हसते, अशी सवय मला त्या काळात लागली.

या सवयीला आधारही होता. मुदतीच्या कायद्याचे पाचवे कलम अपील आणि अर्ज उशिरा आला तरी ‘पुरेसे कारण’ दाखवल्यास तो दाखल करून घेण्याची मुभा देते, आणि उशिराला वरची सीमा घालत नाही. १९८७ चा अनंतनागच्या जिल्हाधिकाऱ्यांचा निवाडा आम्ही सर्वांनी पाठ केला होता. प्रत्येक दिवसाच्या उशिराचा हिशेब द्या, असा हट्ट धरू नये; मग प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का नको, अशा आशयाचे न्यायालयाने त्यात म्हटले होते. त्या खटल्यात उशीर अवघ्या चार दिवसांचा होता आणि तो केला होता सरकारने. ही गोष्ट आम्ही कधी फारशी बोलून दाखवली नाही. पण माफी मिळते, हे मनात पक्के बसले.

आता २०१५ मधली गोष्ट सांगते. तिची परवानगी घेऊन सांगते आहे. नाव, गाव, शाळा काहीच सांगणार नाही.

आमच्या शेजारच्या घरातली मुलगी एका संस्थेत शिक्षिका होती. कायम होण्याचा आदेश जूनमध्ये यायचा होता. तिथला एक वरिष्ठ सहकारी तिला त्रास देत होता. कसला त्रास, ते इथे बसलेल्या प्रत्येक बाईला कळले आहे आणि बऱ्याच पुरुषांनाही. तिने एक शंभरपानी वही केली होती. तारीख, वार, जागा, कोण जवळ होते, तो काय बोलला. शेवटची नोंद होती २० मार्च २०१५, पाडव्याच्या आदल्या दिवसाची, आणि ती सर्वांत वाईट होती. त्यानंतर परीक्षा आल्या, मग सुट्टी, मग जून. जूनमध्ये आदेश हाती येईपर्यंत ती गप्प राहिली. त्यानंतर घरच्यांना सांगावे की नाही यात पावसाळा गेला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने मला फोन केला.

‘मावशी, एक काम होतं गो. जरा कायद्याचं. घरी बोलायला नको.’

चवथ दहा दिवसांवर आली होती. माझ्याकडे माटोळीचे सामान, मुंबईहून येणारे दीर-जावा, घराला रंग. मी विचारले, घाईचे आहे का? ती म्हणाली, तशी घाई नाही. मी म्हटले, ‘मग चवथ होऊ दे, नंतर निवांत बसूया.’

ती आली २८ सप्टेंबरला, सोमवारी. वही वाचून झाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी तिला म्हटले, ही तक्रार द्यायलाच हवी, उशिराचे कारण मी लिहून देते. तिच्या जाण्यानंतर कायदा काढून वाचला. तेव्हा तो नवा होता, आणि माझ्या कामात त्याचा संबंध आला नव्हता. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविषयीचा २०१३ चा कायदा, कलम नऊ. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. त्या काळात तक्रार करता आली नाही असे समितीला पटले तर तिने कारणे लिहून मुदत वाढवावी, पण ती वाढ तीन महिन्यांहून अधिक नसावी. बस. पाचव्या कलमासारखी उघडी खिडकी इथे नव्हती. वीस मार्चपासून सहा महिने वीस सप्टेंबरला, रविवारी, संपले होते. घरात तेव्हा गणपती होते.

तरीही आम्ही तक्रार दिली. समितीने ती वाचली, तिचे ऐकूनही घेतले, आणि लेखी कळवले की सहा महिन्यांपलीकडे जाण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला नाही. ते बरोबर होते. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच लिहावे लागले असते. फौजदारी मार्ग मोकळा होता. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची असते, म्हणजे मार्च २०१८ पर्यंत अवकाश होता. तिने नको म्हटले. पोलीस ठाण्याची पायरी आणि शाळेतली समिती यांतला फरक तिला माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

त्या दिवसापासून मी या मुदतींच्या मागे लागले. जमिनीचे दावे बाजूला ठेवून हे वाचायला लागले म्हटले तरी चालेल. एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. तीन महिने की सहा महिने की वर्ष, यापेक्षा मोठा प्रश्न असतो तो मोजायला कुठून लागायचे हा. आणि या प्रश्नावर सर्वांत गाजलेली लढाई झाली ती अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टायरच्या एका कारखान्यात.

लिली लेडबेटर या बाई १९७९ मध्ये गुडइयरच्या गॅड्सडेन इथल्या कारखान्यात रुजू झाल्या. पुढे त्या एका विभागावर देखरेख करणाऱ्या अधिकारी होत्या. आरंभी त्यांचा पगार त्याच पदावरच्या पुरुषांइतकाच होता. पुढे दरवर्षीच्या मूल्यमापनात वाढ थोडी-थोडी कमी मिळत गेली. आपला पगार इतरांशी बोलू नये, असा तिथला रिवाज होता. १९९७ च्या अखेरीस त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळत होते. तेच काम करणारे पंधरा पुरुष होते, त्यांतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला ४,२८६ आणि सर्वांत जास्त पगाराच्याला ५,२३६. हे त्यांना कळले कसे? कोणीतरी नाव न लिहिता एक चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोहोचवली. तिच्यात त्यांचा आणि काही सहकाऱ्यांचा पगार लिहिलेला होता. नोकरीची एकोणीस वर्षे झाल्यावर.

अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाची तक्रार आधी समान संधीच्या केंद्रीय आयोगाकडे करावी लागते. मुदत १८० दिवस. ज्या राज्यात असा भेदभाव रोखणारी स्वतःची यंत्रणा आहे तिथे ती ३०० दिवसांपर्यंत जाते, अलाबामात १८०. केंद्र सरकारच्या नोकरांना तर ४५ दिवसांत आपल्या खात्याच्या सल्लागाराला गाठावे लागते. लेडबेटरबाईंनी १९९८ मध्ये तक्रार केली. ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन तीस लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली. कायद्यातल्या कमाल मर्यादेमुळे ती तीन लाख साठ हजारांवर आली. मग अपील, आणि २९ मे २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: पाच विरुद्ध चार, बाई हरल्या.

बहुमताचा तर्क नीट ऐका, कारण तो मूर्खपणाचा नाही. पगार ठरवण्याचा प्रत्येक निर्णय ही स्वतंत्र घटना. तो निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. नंतर दर महिन्याला हाती पडणारा कमी पगार हा जुन्या चुकीचा परिणाम आहे, नवी चूक नाही. विरोधी मत लिहिले रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. त्या वेळी त्या न्यायालयात त्या एकट्याच स्त्री होत्या. लेखी मत देऊन त्या थांबल्या नाहीत, न्यायासनावरून त्यांनी ते वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे असे की पगारातला भेदभाव बढती नाकारण्यासारखा एका दिवशी दिसत नाही. तो थेंबाथेंबाने साचतो, दुसऱ्याचा पगार झाकलेला असतो, आणि कळतो तेव्हा न्यायालय म्हणते की तू उशीर केलास. हे आता संसदेने दुरुस्त करावे, असेही त्यांनी सुचवले.

संसदेने केले. २९ जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांनी अध्यक्ष म्हणून सही केलेला पहिला कायदा हाच, लेडबेटरबाईंच्या नावाचा. आता भेदभावाने ठरलेल्या पगाराचे प्रत्येक पाकीट म्हणजे नवी घटना, आणि प्रत्येक पाकिटापासून मुदत नव्याने सुरू. खुद्द लेडबेटरबाईंना एक डॉलरही मिळाला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या वारल्या. कायद्याला आपले नाव मिळावे आणि खटला मात्र हरलेलाच राहावा, हे मला नेहमी विचित्र वाटते. आपल्याकडे रस्त्यांना नावे देतात तसे काहीसे.

आता आपल्या देशात या. १२ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर निकाल दिला. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची तक्रार होती, खुद्द कुलगुरूंविरुद्ध. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली धरली गेली. तक्रार दाखल झाली २६ डिसेंबर २०२३ ला. त्यांचे म्हणणे असे की ऑगस्टमध्ये आपल्याला एका केंद्राच्या संचालकपदावरून हटवले, तो त्याच छळाचा पुढचा भाग होता, म्हणून मुदत तिथून मोजा. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना ते पटले, खंडपीठाला पटले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचे मत कायम केले. ऑगस्टमधली कारवाई प्रशासकीय होती, तिला लैंगिक छळाची घटना म्हणता येत नाही, आधीची घटना एप्रिलमध्ये पूर्ण झाली होती. चालू राहणारी चूक वेगळी, आणि चुकीचे चालू राहणारे परिणाम वेगळे. पाहा, अलाबामाच्या कारखान्यातला तर्कच कोलकात्याला पोहोचला. मात्र न्यायालयाने त्या निकालात आणखी एक गोष्ट केली: तक्रार मुदतीत नसल्याने तिची चौकशी होणार नाही, पण हा निकाल त्या गृहस्थांच्या परिचयपत्राचा भाग राहील, असा आदेश दिला. कायद्याच्या पुस्तकात अशी तरतूद मला कुठे सापडत नाही. न्यायाधीशांनाही दार बंद करून जाताना काहीतरी खुपले असावे, असे मला वाचताना वाटले.

विद्यार्थ्यांपैकी कोणी म्हणेल, मग मुदत हवीच कशाला? मी मुदतीच्या विरुद्ध नाही. जिच्यावर किंवा ज्याच्यावर आरोप आहे त्याला दहा वर्षांनी विचारले, त्या दिवशी तू स्टाफरूममध्ये होतास का, तर निर्दोष माणूसही उत्तर देऊ शकणार नाही. साक्षीदार बदलून जातात, हजेरीपटाला वाळवी लागते. घाईचाही अन्याय होतो. गोवा विद्यापीठातून आलेल्या एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली, कारण समितीने सुनावण्या एकामागून एक उरकल्या होत्या आणि समोरच्याला बाजू मांडायला पुरता अवसर दिला नव्हता. २००९ ची चौकशी २०२३ मध्ये पुन्हा पहिल्या पायरीवर. तक्रारदारांचे काय झाले असेल, याचा विचार करा. त्याच निकालात न्यायालयाने देशभर या समित्या खरोखर नेमल्या आहेत का, हे तपासायला सांगितले. कायदा होऊन दहा वर्षे झाली होती.

माझे म्हणणे एवढेच की मुदत कमी असेल तर तिला खिडकी हवी. ब्रिटनमध्ये नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारीला २०१० च्या समानतेच्या कायद्यात तीनच महिने दिले, पण उशीर झाला तर न्याय्य वाटेल तितका अवधी वाढवून देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला दिला. आपल्याकडे मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर चौकशी करता येत नाही. आणि छळाच्या तक्रारीला तीन अधिक तीन. १९९७ च्या विशाखा निवाड्यात न्यायालयाने म्हटले होते की कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ म्हणजे स्त्रीच्या समानतेच्या मूलभूत हक्काचा भंग. मूलभूत हक्काच्या भंगाला सहा महिने, आणि शेजाऱ्याने माझ्या कुळागराचा कोपरा बळकावला तर ताबा परत मागायला बारा वर्षे. हा हिशेब मी पस्तीस वर्षे डोळ्यांसमोर असूनही पाहिला नव्हता.

आता तुमच्याकडे येते, म्हणजे भाषेकडे. २०१३ च्या कायद्यानुसार मालकाने समितीच्या नेमणुकीचा आदेश आणि छळाचे दंडनीय परिणाम कामाच्या जागी सहज दिसेल असे लावायचे असतात. मी गेली काही वर्षे कुठल्याही शाळेत, बँकेत, कचेरीत गेले की हा फलक शोधते. सापडतो तेव्हा बहुधा इंग्रजीत असतो, काचेच्या पेटीत, क्रीडास्पर्धेच्या निकालाखाली. मराठी प्राथमिक शाळांतही. मराठीत असला तर असा: ‘व्यथित महिलेने विहित कालमर्यादेत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार सादर करावी.’ यातली ‘विहित कालमर्यादा’ किती? फलक सांगत नाही. ‘व्यथित’ म्हणजे कोण? माझी शेजारीण तो फलक रोज पाहत होती. तिला वाटले व्यथित म्हणजे जी फार रडते ती.

हे वाक्य तुमच्यापैकी कोणी लिहिलेले नाही, मला ठाऊक आहे. ते कुठल्यातरी टेबलावर इंग्रजीतून शब्दाला शब्द लावून तयार झाले. पण दुरुस्त तुम्हीच करू शकता. मी एका ओळखीच्या मुख्याध्यापकांना चार ओळी लिहून दिल्या आणि त्यांनी त्या लावल्या. वाचून दाखवते:

‘इथे काम करताना कोणी तुमच्याशी अंगलट, अश्लील किंवा नकोसे वागले तर समितीकडे तक्रार करा. शेवटचा प्रकार घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत करा. तेव्हा जमले नाही तर कारण सांगून आणखी तीन महिने मागता येतात. त्यानंतर समितीला तक्रार घेता येत नाही. लिहिता येत नसेल तर समितीच्या अध्यक्ष किंवा सदस्य लिहून घ्यायला मदत करतील, तसा त्यांना कायद्याने हुकूम आहे.’

यात सुधारणा कराल तर मला आनंदच आहे. ‘अंगलट’ हा शब्द मला अजून नीट वाटत नाही. म्हापशाच्या एका शिक्षिकेने ‘लगट’ सुचवला. तो कागदावर जरा नाटकातला वाटतो. यावर नंतर चहाला बोलू.

एक सवयही सांगते, विद्यार्थ्यांसाठी. वही करा. पण वहीच्या पहिल्या पानावर, घटनेच्या तारखेखाली, तीन महिन्यांनंतरची आणि सहा महिन्यांनंतरची तारीखही लिहा. तिची वही उत्तम होती. तारीख, वार, तास, साक्षीदार, सारे होते. पुढची तारीख तेवढी नव्हती. ती लिहायची असते हे तिला कोणी सांगायला हवे होते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी फोनवर होते.

ती आता दुसऱ्या संस्थेत शिकवते. या भाषणात तिची गोष्ट सांगू का, हे विचारायला मी गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले. तिने चहा ठेवला, थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सांग मावशी. पण तारीख चुकवू नको. वीस मार्च. पाडव्याच्या आदला दिवस. शुक्रवार होता.’